चुकीच्या पदार्थाने शिकविलेला धडा

खुब्याचा सांधा निकामी झालेला रुग्ण कृत्रिम सांधा बसविल्यावर दुसऱ्याच दिवशी पाऊल टाकतो, याचे आज शहरवासीयांना नवल वाटत नाही. या शस्त्रक्रियेला आधुनिक रूप देणारे ब्रिटिश अस्थिशल्यविशारद सर जॉन चार्नली यांना मात्र या यशासाठी मोठ्या अपयशातून जावे लागले.

२९ ऑगस्ट १९११ रोजी इंग्लंडमधील बरी या गावी त्यांचा जन्म झाला. वडील औषधविक्रेते, तर आई परिचारिका. मँचेस्टर विद्यापीठातून १९३५ मध्ये ते डॉक्टर झाले. हाड पुन्हा कसे वाढते, हे जाणण्यासाठी त्यांनी स्वत:च्याच पायाच्या हाडावर प्रयोग करवून घेतला आणि त्यातून जंतुसंसर्ग ओढवून घेतला.

त्या काळातील कृत्रिम सांध्यांमध्ये घर्षण फार होई. एका रुग्णाचा सांधा तर करकरत असे. यातून चार्नलींनी कमी घर्षणाच्या सांध्याचा ध्यास घेतला. पोलादाचा लहानसा गोळा आणि टेफ्लॉनची वाटी अशी रचना त्यांनी केली. कवळीसाठी वापरले जाणारे ॲक्रिलिक सिमेंट त्यांनी सांधा हाडात पक्का बसविण्यासाठी वापरले. हे सिमेंट पोकळी भरून काढते आणि शरीराचा भार हाडावर सर्वत्र विभागते.

सुरुवातीला रुग्णांच्या वेदना थांबल्या. परंतु दोन-तीन वर्षांतच टेफ्लॉन झिजू लागले. त्याच्या कणांमुळे भोवतालच्या ऊतींची हानी होऊ लागली. असे सांधे सुमारे ३०० रुग्णांना बसविण्यात आले होते. त्यांच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ चार्नलींवर आली.

याच सुमारास, १९६२ मध्ये, एक विक्रेता पॉलिथिलीनचा नवा प्रकार घेऊन आला. चार्नलींना तो उपयोगाचा वाटला नाही. परंतु त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी त्याची चाचणी यंत्रावर सुरूच ठेवली. झीज अत्यल्प आढळली. पूर्वानुभवाने पोळलेल्या चार्नलींनी टेफ्लॉन आणि पॉलिथिलीन हे दोन्ही पदार्थ स्वत:च्या मांडीत घालून शरीराची प्रतिक्रिया तपासली. टेफ्लॉनच्या गाठी झाल्या, पॉलिथिलीनच्या झाल्या नाहीत. नोव्हेंबर १९६२ पासून नवा सांधा वापरात आला.

जंतुसंसर्ग टाळण्यासाठी रायटिंग्टन येथील रुग्णालयात त्यांनी शुद्ध हवेची शस्त्रक्रिया-खोली उभारली. मृत्यूनंतर सांधा तपासणीसाठी द्यावा, अशी विनंती ते रुग्णांना करीत. झीज किती झाली, हे त्यांना पाहायचे असे. १९७४ मध्ये लास्कर पुरस्कार आणि १९७७ मध्ये 'सर' हा किताब त्यांना मिळाला. ५ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

पॉलिथिलीनचेही कण हाडाला अपाय करतात, हे पुढे दिसून आले आणि अधिक टिकाऊ प्रकार विकसित झाले. शरीरात बसविलेल्या पदार्थाची परीक्षा शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षे चालते, हा चार्नलींचा धडा आजच्या संशोधकांनाही पाळावा लागतो.