विश्लेषण : ज्यांच्या नावाने करंडक, ते सांगलीचे विजय हजारे कोण होते?

देशांतर्गत क्रिकेटचा हंगाम सुरू झाला की ‘विजय हजारे करंडक’ हे नाव मोबाइलवरच्या स्कोअरकार्डमध्ये दिसू लागते. ही स्पर्धा ५० षटकांची. हजारे यांच्या काळात मात्र एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेट अस्तित्वातच नव्हते. शिवाय बडोद्याचे म्हणून ओळखले जाणारे हजारे जन्माने सांगलीचे, हेही अनेकांना ठाऊक नसते.

सुरुवात कशी झाली?

विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीत एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील शिक्षक, घरात आठ भावंडे. १९३४-३५ च्या हंगामात ते महाराष्ट्राकडून खेळू लागले. ऑस्ट्रेलियाचे फिरकीपटू क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना मिळाले. हजारे यांची खेळपट्टीवर उभे राहण्याची पद्धत पुस्तकी नव्हती, पण ती बदलू नये असेच ग्रिमेट यांनी सुचवले. १९३९-४० मध्ये पुण्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडकातील हे पहिले त्रिशतक. पुढे ते बडोद्याकडूनच खेळू लागले.

३८७ पैकी ३०९ धावा कशा?

तेव्हा मुंबईत पंचरंगी स्पर्धा होत असे आणि संघ धर्मानुसार ठरत. भारतीय ख्रिस्ती व इतर खेळाडूंचा संघ ‘द रेस्ट’ नावाने उतरे. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाच्या विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्या. उत्तरादाखल ‘रेस्ट’च्या दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी ३०९, म्हणजे जवळपास ८० टक्के, एकट्या हजारे यांच्या होत्या. भाऊ विवेक यांच्यासोबत त्यांनी ३०० धावांची भागीदारी केली. त्यात विवेक यांचा वाटा २१ धावांचा. तरीही संघ डावाने हरला.

सर्वांत मोठा विक्रम कोणता?

मार्च १९४७ मध्ये रणजीच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध बडोद्याची अवस्था ३ बाद ९१ होती. तेथून हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी ५७७ धावा जोडल्या. काही महिन्यांत फाळणी झाली. गुल महंमद पुढे पाकिस्तानकडूनही कसोटी खेळले. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील कोणत्याही गड्यासाठीची ही सर्वांत मोठी भागीदारी ठरली. २००६ मध्ये संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावा करून हा विक्रम मोडला.

कसोटीत काय साधले?

महायुद्धामुळे हजारे यांचे कसोटी पदार्पण वयाच्या ३१ व्या वर्षी, १९४६ मध्ये लॉर्ड्सवर झाले. जानेवारी १९४८ मध्ये अॅडलेडला लिंडवॉल-मिलर यांच्या वेगवान माऱ्यासमोर त्यांनी ११६ आणि १४५ धावा केल्या. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. त्याच सामन्यात २०१ धावांवरील ब्रॅडमन यांचा त्रिफळाही त्यांनी उडवला. पण भारत पुन्हा डावाने हरला.

अखेर फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने इंग्लंडला हरवून पहिला कसोटी विजय मिळवला. गंमत म्हणजे या सामन्यात शतके होती पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांची, तर १२ बळी विनू मंकड यांचे. हजारे यांच्या मोठ्या खेळी मात्र अनेकदा पराभवातच विरल्या.

आकडे काय सांगतात?

३० कसोटींत २,१९२ धावा, ७ शतके आणि ४७.६५ ची सरासरी. प्रथम श्रेणीत ६० शतके आणि ५९५ बळी. १९६० मध्ये पद्मश्री. १८ डिसेंबर २००४ रोजी वडोदऱ्यात ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा ५७७ चा विक्रम अबाधित होता. चौथ्या गड्यासाठी तो आजही कायम आहे.