जॉन हॅरिसन सुतार

सुतारकाम करणाऱ्या आमच्या वाचकांस जॉन हॅरिसन ह्याचें चरित्र आपल्याच घरचें वाटेल. तो इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत इ. स. १६९३ सालीं एका सुताराच्या घरीं जन्मला व बापाचाच धंदा शिकला. १७१३ सालीं त्यानें घड्याळ केलें. त्याचीं चाकें लांकडाचीं होतीं.

त्या काळीं भर समुद्रांत आपण पूर्वेस किंवा पश्चिमेस किती दूर आलों हें खलाशांस नीट कळत नसे, म्हणून गलबतें खडकांवर फुटत. निघाल्या बंदराची वेळ व सूर्यावरून काढिलेली वेळ ह्यांच्या फरकावरून तें समजतें. पण लाटांत नीट चालेल असें घड्याळ नव्हतें. पार्लमेंटानें १७१४ सालीं ह्या कामास २०,००० पौंडांपर्यंत बक्षीस लाविलें.

हॅरिसनाचीं एकाच यंत्रावर १९ वर्षें गेलीं. तेंही त्याच्या मनास उतरलें नाहीं. शेवटीं १७५९ सालीं हातांत मावेल एवढें घड्याळ सिद्ध झालें. बाप थकला होता. म्हणून १७६१ सालीं त्याच्या हाताखालीं तयार झालेला मुलगा वुइल्यम तें घेऊन जमैका बेटास निघाला. ८१ दिवसांत घड्याळ हिशेबाहून अवघें ५ सेकंद मागें पडलें.

तरी अधिकाऱ्यांनीं पुरें बक्षीस दिलें नाहीं. मुलानें बापाचें गाऱ्हाणें राजापर्यंत नेलें, तेव्हां १७७३ सालीं पार्लमेंटानें ८,७५० पौंड दिले. १७७६ सालीं हॅरिसन वारला.

त्यानें मुलाच्या हातीं हत्यार दिलें, आणि आपला धीरही दिला. ह्याहून मोठें वतन बाप मुलास काय देणार, असें आम्हांस वाटतें.