प्रकाश गळतो तिथेच सेन्सरचे कान तिखट: पंचरत्नम यांची गोष्ट

मालगुंडच्या किनाऱ्यावर दुपारी पोलराइज्ड गॉगल लावून बघा, पाण्यावरची चकाकी बरीच कमी होते. तोच गॉगल घालून फोन हळूहळू फिरवा. बऱ्याच फोनची स्क्रीन एका कोनात काळपट पडते. प्रकाशाची लहर कोणत्या दिशेने डोलते, त्याचा हा खेळ. याला ध्रुवीकरण म्हणतात, आणि यात एस. पंचरत्नम यांचा हात धरणारे फार थोडे होते.

त्यांचा जन्म १९३४ सालचा, कोलकात्याचा. सी. व्ही. रामन यांचे ते भाचे. अगदी कोवळ्या वयात ते बंगळुरूला मामांच्या संस्थेत संशोधनाला लागले. हातात आला आयोलाइट नावाचा स्फटिक. हा फिरवला की कधी निळा दिसतो, कधी फिकट पिवळा, कारण प्रत्येक दिशेला तो प्रकाश वेगवेगळा शोषतो.

साध्या स्फटिकात प्रकाशाचे दोन प्रकार आपापल्या वाटेने जातात. पण शोषणाऱ्या स्फटिकात काही खास दिशा अशा असतात, जिथे दोन्ही प्रकार मिळून एकच उरतो. जर्मनीच्या फोक्ट यांनी हे १९०२ मध्ये पाहिलं होतं. पंचरत्नम यांनी १९५५ मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्याचं गणित नीट उलगडलं. पुढच्याच वर्षी त्यांनी प्रकाशाच्या भूमितीय कलेचा शोध लावला. मायकेल बेरी यांनी तीच कल्पना १९८४ मध्ये स्वतंत्रपणे मांडली, आणि मग कुठे जगाचं लक्ष जुन्या लेखाकडे गेलं. तोवर पंचरत्नम नव्हते. १९६९ मध्ये ऑक्सफर्डला ते गेले, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी. (मालगुंडचे केशवसुतही चाळिशी न गाठताच गेले.)

आता सेन्सर. जिथे प्रकाश गळतो किंवा शोषला जातो, त्या व्यवस्थेला नॉन-हर्मिशियन म्हणतात, आणि दोन अवस्था एक होतात त्या जागेला एक्सेप्शनल पॉइंट. काचेच्या सूक्ष्म कड्यात प्रकाश गोल फिरवून ही जागा साधली, की बारीकसा कण चिकटला तरी एक झालेल्या अवस्था फटकन फुटतात. किती? धक्क्याच्या वर्गमुळाइतक्या. धक्का दहा हजारांत एक, तर फूट साधारण शंभरात एक! सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात २०१७ मध्ये हे करून दाखवलं.

पण थांबा. त्याच जागी गोंगाटही वाढतो. कॅलटेकच्या २०२० च्या लेसर जायरोस्कोपमध्ये सिग्नल वाढला तसा गोंगाटही वाढला, आणि फायदा जवळपास शून्य. त्यामुळे फोनमधला जायरो तूर्तास जुन्याच पद्धतीचा आहे, आणि यावर वाद अजून रंगतोय.