चेंडूवाले आल्बर्ट स्पाल्डिंग

आज मी तुम्हांला अमेरिकेतील आल्बर्ट स्पाल्डिंग यांची माहिती सांगणार आहे. आपण क्रिकेट खेळतो, तसा तिकडे बेसबॉल खेळतात.

स्पाल्डिंग यांचा जन्म इलिनॉय राज्यातील बायरन या लहानशा गावी झाला. वडील त्यांच्या लहानपणीच वारले. रॉकफर्ड येथे खेळता खेळता ते चेंडू टाकण्यात तरबेज झाले. १८७१ साली बोस्टनच्या संघाने त्यांना घेतले. १८७२ ते १८७५ अशी ओळीने चार वर्षे तो संघ अजिंक्य ठरला.

१८७६ साली ते शिकागोला आले. तिथे भाऊ वॉल्टर याच्याबरोबर त्यांनी खेळाच्या सामानाचे दुकान टाकले. भांडवल किती? आईने दिलेले ८०० डॉलर! आत रबर, त्यावर लोकरीचा धागा गच्च गुंडाळलेला आणि वरून घोड्याचे कातडे शिवलेले, असा त्यांचा चेंडू होता. नॅशनल लीगच्या सामन्यांत हाच चेंडू ठरला आणि १९७६ पर्यंत चालला. मग काय, पोरांनाही तोच चेंडू हवा!

त्या काळी खेळाडू उघड्या हातांनी झेल घेत. हात सुजायचे, बोटे मोडायची. पण लोक भित्रा म्हणतील म्हणून हातमोजा घालायची लाज वाटे. १८७५ साली चार्ल्स वेट या खेळाडूने मोजा घातला, तोही कातडीच्या रंगाचा, कुणाला दिसू नये म्हणून. स्पाल्डिंग यांनी मात्र १८७७ साली चक्क काळा मोजा घातला. एवढा नावाजलेला खेळाडू मोजा घालतो म्हटल्यावर हसणार कोण? हळूहळू इतरही घालू लागले. दुकानात मोजे खपू लागले. त्यांचा धंदा झाला हे खरे, पण कितीतरी हात वाचले हेही खरे.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. बेसबॉल अमेरिकेतच जन्मला असा त्यांचा हट्ट होता. त्यांच्या खटपटीने १९०५ साली समिती नेमली गेली. हा खेळ १८३९ साली डबलडे यांनी काढला, असे तिने ठरवले. पुढे अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा ते खोटे निघाले. जाहिरात आवडीने करावी, पण इतिहासाला पुरावा लागतो.

९ सप्टेंबर १९१५ रोजी ते कॅलिफोर्नियात वारले.

शेतात फवारणी करताना कुणी हातमोजे घातले तर त्याला हसू नये, एवढे मी त्यांच्यापासून शिकलो.