ट्रामचा तोटा, जमिनीचा नफा

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन ओलांडून मेरीलँड राज्यात शिरताच चेव्ही चेस हे उपनगर लागते. ट्रामच्या रुळांमागून वसलेल्या आरंभीच्या उपनगरांत त्याची गणना होते. त्याचा शिल्पकार फ्रान्सिस न्यूलँड्स हा नगररचनाकार नव्हता. तो वकील होता आणि पुढे सेनेटर झाला.

१८४६ साली मिसिसिपी राज्यात जन्मलेल्या न्यूलँड्सने सॅन फ्रान्सिस्कोत वकिली केली आणि नेव्हाडातील चांदीच्या खाणींवर गबर झालेल्या विल्यम शॅरनच्या मुलीशी विवाह केला. सासऱ्याच्या संपत्तीचा कारभार हाती आल्यावर त्याची दृष्टी वॉशिंग्टनबाहेरच्या शेतांकडे वळली. हस्तकांमार्फत, फारसा गाजावाजा न होऊ देता, सुमारे १,७०० एकर जमीन गोळा करण्यात आली. १८९० साली चेव्ही चेस लँड कंपनी स्थापन झाली.

परंतु शहरापासून इतक्या दूर राहायला जाणार कोण? १८८८ साली रिचमंड शहरात फ्रँक स्प्रेगने विजेची ट्राम यशस्वी करून दाखविली होती. न्यूलँड्सने तोच धागा उचलला. कनेटिकट ॲव्हेन्यू हा रस्ता वाढविणे, रॉक क्रीकच्या खोल दरीवर पूल बांधणे, रूळ टाकणे हा सारा खर्च खाजगी भांडवलातून झाला. १८९२ साली ट्राम धावू लागली. शेवटच्या थांब्यावर तळे करून तेथे करमणुकीची सोय करण्यात आली. रविवारी गाड्या रिकाम्या जाऊ नयेत, हा त्यातला साधा हिशेब. ट्रामच्या भाड्यातून हा खर्च निघणे शक्यच नव्हते. तो भूखंडांच्या वाढलेल्या किमतीतून निघावयाचा होता. दळणवळणाने जमिनीला जे मूल्य येते त्यानेच दळणवळणाचा खर्च भागवावा, हे सूत्र अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला आजही आकर्षक वाटेल.

न्यूलँड्सने तेच सूत्र संसदेतही नेले. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९०२ च्या कायद्यानुसार पश्चिमेकडील सरकारी जमिनींच्या विक्रीचा पैसा पाटबंधाऱ्यांकडे वळविण्यात आला. त्या पाण्यावर १६० एकरांची मर्यादा होती. मोठ्या जमीनदारांनी लाभ गिळू नये, हा तिचा हेतू.

वसाहतीत मात्र मर्यादा उलट्या दिशेने होती. मुख्य रस्त्यावर पाच हजार डॉलरांहून आणि आडरस्त्यांवर तीन हजारांहून स्वस्त घर बांधण्यास मनाई होती. चाळवजा सलग घरे नकोत, दुकानेही नकोत. ट्रामचे तिकीट सामान्य कारकुनाला परवडत होते, पण उतरून तेथे राहणे परवडत नव्हते. किंमत हीच कुंपणाची भिंत होती. १९०९ मध्ये बेलमाँट नावाच्या तुकड्यात कृष्णवर्णीयांना भूखंड मिळणार असे कळताच कंपनीने न्यायालय गाठले. ही नुसती धंद्याची सावधगिरी म्हणता येत नाही; कारण १९१२ मध्ये खुद्द न्यूलँड्सने कृष्णवर्णीयांचा मताधिकार रद्द करावा, असा आग्रह धरला. पाण्यात समान वाटा मागणारा आणि मतपेटीवर पहारा बसवू पाहणारा हा एकच माणूस.

१८९३ च्या मंदीने विक्री रेंगाळली होती. १९१७ साली न्यूलँड्स निवर्तला, तेव्हा वसाहतीचा खरा बहर यायचाच होता. १९३३ मध्ये चेव्ही चेसच्या चौकात त्याच्या स्मरणार्थ कारंजे उभारले गेले. त्या चौकातून जाणारी ट्राम दोनच वर्षांनी बंद झाली आणि बसगाड्या आल्या. कारंज्यावरील त्याचे नाव काढावे, ही मागणी २०१४ मध्ये रहिवाशांतूनच पुढे आली.