धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम: संसारात राहून आचरलेला ख्रिस्तधर्म

संतांची चरित्रे वाचीत असता पुष्कळांच्या मनात असा विचार येतो की, पावित्र्य ही मठवासियांची व धर्मगुरूंची मिरास आहे. ज्यास बायकामुले आहेत, ज्यास पोटासाठी नोकरी अथवा वाडी करावयाची आहे, त्याने रविवारची मिस्सा ऐकावी, ईस्टरचे कर्तव्य पार पाडावे आणि तेवढ्यावर समाधान मानावे. ही समजूत किती चुकीची आहे हे दाखविण्यास पुष्कळ युक्तिवादांपेक्षा एका गृहस्थाचे चरित्र अधिक उपयोगी पडेल. यास्तव आपल्या देवळाच्या ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी आम्ही पॅरिस येथील प्राध्यापक फ्रेडरिक ओझानाम यांचे चरित्र आमच्या धर्मग्रामस्थांपुढे ठेवीत आहो. हे सद्‌गृहस्थ धर्मगुरू नव्हते, संन्यासी नव्हते, हुतात्मेही नव्हते. विद्यार्थी, शिक्षक, पती व पिता या नात्यांनी जी कर्तव्ये आपणांस करावी लागतात, तीच त्यांनी केली. आणि ती करीत असतानाच ते पावित्र्यास पोहोचले.

ओझानाम यांचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजी इटलीतील मिलान शहरी एका फ्रेंच कुटुंबात झाला. पुढे हे कुटुंब फ्रान्समधील लियों शहरी येऊन राहिले. घरी चौदा मुले जन्मली. परंतु त्यांपैकी बहुतेक लहानपणीच देवाघरी गेली. वडील वैद्यकीचा धंदा करीत व गरिबांस पुष्कळदा फुकट औषधोपचार देत. मातोश्रीही आजारी दरिद्री लोकांच्या समाचारास जात. उतारवयात जिने चढण्याचे श्रम सोसेनासे झाले, तेव्हा चौथ्या मजल्याच्या वर जावयाचे नाही असे उभयतांनी एकमेकांस वचन दिले. परंतु दोघेही ते वचन चोरून मोडीत, अशी आठवण सांगतात. १८३७ साली एका गरीब रोग्याच्या घरी गेले असता वडील जिन्यावरून पडले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. परोपकार म्हणजे काय हे फ्रेडरिक यांस कोणा उपदेशकाने शिकविण्याची गरज उरली नव्हती. ते त्यांनी आईबापांच्या वागणुकीतच पाहिले होते.

असे असूनही त्यांची श्रद्धा त्यांस आयती लाभली नाही. शाळेत तत्त्वज्ञान शिकत असता, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, त्यांच्या मनात धर्माविषयी घोर शंका उत्पन्न झाल्या. रात्रंदिवस चित्तास स्वस्थता म्हणून नाहीशी झाली. त्या संकटात त्यांचे गुरू आबे न्वारो यांनी त्यांस रागे न भरता सायंकाळी आपणांबरोबर फिरावयास नेऊन त्यांच्या शंकांचे धीराने निरसन केले. मनास प्रकाश मिळाला, तर सारे आयुष्य सत्याच्या सेवेस वाहीन, असा संकल्प त्या मुलाने परमेश्वरापाशी केला. आणि तो शेवटपर्यंत पाळला. ज्या आईबापांची मुले आज अशाच शंकांनी पीडित आहेत, त्यांनी या गोष्टीपासून धीर घ्यावा.

१८३१ साली ओझानाम कायद्याच्या अभ्यासासाठी पॅरिस येथे आले. त्या काळी तेथील विद्यापीठात धर्माची टवाळी करणे हे विद्वत्तेचे लक्षण समजले जात असे. सुदैवाने विजेच्या शास्त्रात ज्यांचे नाव अमर झाले आहे, ते आंपेर यांच्या घरी त्यांस राहावयास जागा मिळाली. एकदा देवळाच्या कोपऱ्यात हा थोर शास्त्रज्ञ गुडघे टेकून जपमाळ म्हणत असलेला त्यांनी पाहिला आणि त्यांचे मन कायमचे स्थिर झाले, असे सांगतात.

पुढे काही मित्रांच्या साहाय्याने ते एका चर्चामंडळात धर्माच्या वतीने वाद करू लागले. इतिहासाचे दाखले देऊन ते ख्रिस्तसभेने जगावर केलेले उपकार सांगत. एके दिवशी सां-सिमों या विचारवंताच्या अनुयायांपैकी एका तरुणाने त्यांस उलट विचारले की, तुमच्या धर्माने पूर्वी मोठी कार्ये केली हे आम्हांस मान्य आहे, परंतु आज तुम्ही स्वतः काय करीत आहात, ते दाखवा. हा प्रश्न ओझानाम यांच्या अंतःकरणास भिडला. त्यास शब्दांनी उत्तर देता येणे शक्य होते. परंतु शब्दांचे उत्तर हे उत्तरच नव्हे, हे त्या प्रामाणिक तरुणाने ओळखले. त्याच सुमारास ते व त्यांचा एक मित्र यांनी आपल्या खोलीत उरलेले हिवाळ्याचे सरपण उचलून स्वतःच्या हातांनी एका दरिद्री माणसाच्या घरी पोहोचविले.

ते दिवस मोठे कठीण होते. आदल्या वर्षी, म्हणजे १८३२ साली, पटकीच्या साथीने पॅरिसमध्ये सुमारे १८,००० माणसे दगावली होती. मजुरांच्या वस्तीत विधवा व पोरकी मुले उपाशी होती. अशा वेळी २३ एप्रिल १८३३ रोजी, आपल्या विसाव्या वाढदिवशी, ओझानाम व त्यांचे पाच विद्यार्थी-मित्र एमान्युएल बायी या वडीलधाऱ्या संपादकाच्या अध्यक्षतेखाली एकत्र जमले. हीच पुढे जगभर पसरलेल्या संत विन्सेंट द पॉल संस्थेची पहिली सभा होय. गरिबांच्या सेवेचा काहीच अनुभव नसल्यामुळे ते सिस्टर रोझाली रांद्यू यांच्याकडे गेले. मुफ्तार भागातील गरिबांची माय म्हणून प्रसिद्ध असलेल्या या बाईंनी त्यांस भेट देण्यासाठी कुटुंबे नेमून दिली आणि वाटण्यासाठी पावाच्या चिठ्ठ्या दिल्या.

या संस्थेच्या पद्धतीतील मर्म असे की, मदत पाठवून द्यावयाची नाही, आपण स्वतः ती घेऊन जावयाचे. जिना चढावयाचा, गरिबाच्या शेजारी बसावयाचे, त्याची हकीकत ऐकावयाची, आणि देणारा व घेणारा यांत भाऊपणाचे नाते जुळवावयाचे. दुसऱ्याचे दुःख डोळ्यांनी पाहिल्याने देणाऱ्याचाच आत्मा अधिक सुधारतो, हे त्या तरुणांस लवकरच कळून आले. १८४५ साली पोप सोळावे ग्रेगरी यांनी या संस्थेस मान्यता दिली.

परंतु ओझानाम यांचे मोठेपण केवळ या संस्थेत नाही. १८३६ साली ते कायद्याचे व १८३९ साली दान्ते कवीवरील प्रबंध लिहून साहित्याचे डॉक्टर झाले. लियों येथे व्यापारी कायदा शिकवीत असता मजुरास न्याय्य वेतन मिळाले पाहिजे हा विषय त्यांनी धैर्याने मांडला. विणकरांची बंडे त्या शहराने नुकतीच पाहिली होती. १८४० साली पॅरिसच्या स्पर्धापरीक्षेत त्यांचा पहिला क्रमांक आला आणि ते सोर्बोन येथे परकीय साहित्याचे अध्यापक झाले. वर्गात त्यांनी आपला धर्म कधी लपविला नाही, आणि धर्माच्या नावाखाली अभ्यासात कधी चालढकलही केली नाही. व्याख्यानाची कसून तयारी करणे हाही त्यांच्या दृष्टीने धर्माचरणाचाच एक भाग होता.

२३ जून १८४१ रोजी त्यांचा विवाह अमेली सुलाक्रुआ यांच्याशी झाला. विवाहाच्या स्मरणार्थ दर महिन्याच्या तेवीस तारखेस ते पत्नीस फुले आणून देत. आणि शेवटच्या आजारातही हा नेम त्यांनी सोडला नाही. १८४५ साली त्यांस मारी नावाची कन्या झाली. या घरातील एका नववर्षदिनाची गोष्ट चरित्रकार सांगतात. एका गरीब कुटुंबाने आपले खणांचे कपाट, चांगल्या दिवसांची शेवटची खूण, गहाण ठेवले असल्याचे ओझानाम यांस कळले. ते सोडवून द्यावे असे त्यांच्या मनात आले. परंतु पत्नीने व्यवहाराची कारणे सांगितल्यावरून त्यांनी तो बेत सोडला. सायंकाळी घरी परत आल्यावर लहानग्या मारीपुढे पडलेली खेळणी त्यांनी पाहिली, आणि त्यांचे मन खिन्न झाले. पुढे ठेवलेल्या मिठाईस त्यांनी हातही लावला नाही. पत्नीने कारण ओळखून आनंदाने संमती दिली. तेव्हा ते तत्काळ निघाले, कपाट सोडविले, ते त्या कुटुंबाच्या घरी पोहोचते केले आणि मगच हर्षित मुद्रेने घरी आले. या गोष्टीत पतीने पत्नीचा मान राखला, पत्नीने पतीचे अंतःकरण जाणले, आणि दोघांच्या संसारात गरिबाचाही वाटा राहिला. ख्रिस्ती कुटुंब ते हेच.

१८४८ साली पॅरिसमध्ये बंड उद्भवले. जून महिन्यात रस्तोरस्ती अडसर उभे राहून रक्तपात सुरू झाला. तेव्हा ओझानाम व त्यांचे दोन मित्र यांनी आर्चबिशप आफ्र यांस मध्यस्थी करण्याची विनंती केली. त्या धर्माध्यक्षांनी निर्भयपणे बंडवाल्यांत प्रवेश केला. परंतु तेथे त्यांस गोळी लागली आणि २७ जून रोजी त्यांनी देह ठेवला. या मृत्यूचा ओझानाम यांच्या मनास मोठा घाव बसला. तथापि गरिबांचा पक्ष त्यांनी सोडला नाही. दंगा मोडला म्हणजे दारिद्र्य मोडले असे होत नाही, ही गोष्ट ते वृत्तपत्रांतून श्रीमंत कॅथलिकांच्या मनावर बिंबवीत राहिले.

अतिश्रमाने त्यांची प्रकृती खालावली. १८५२ साली ते तापाने अंथरुणास खिळले असता व्याख्याने बंद पडल्याबद्दल विद्यार्थी तक्रार करीत आहेत असे त्यांच्या कानी आले. सर्वांचा विरोध असताही ते उठून विद्यापीठात गेले आणि त्यांनी आपले अखेरचे व्याख्यान दिले. हवापालटासाठी केलेल्या इटलीच्या प्रवासाचाही उपयोग झाला नाही. ८ सप्टेंबर १८५३ रोजी, पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, मार्सेय येथे त्यांनी शांतपणे प्राण सोडला. तेव्हा त्यांचे वय अवघे चाळीस वर्षांचे होते. २२ ऑगस्ट १९९७ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी पॅरिसच्या नोत्र दाम महामंदिरात त्यांस धन्यवादित म्हणून घोषित केले.

प्रिय धर्मग्रामस्थहो, ज्युबिली म्हटली की आपण पूर्वजांची कार्ये मोठ्या अभिमानाने सांगतो. त्यांनी देऊळ बांधले, शाळा काढली, श्रद्धा जतन केली, हे सांगणे योग्यच आहे. परंतु त्या तरुणाचा प्रश्न आपल्याही देवळाच्या दाराशी उभा आहे: पूर्वजांनी केले ते केले, आज तुम्ही काय करीत आहात? त्याचे उत्तर या स्मरणिकेच्या पानांवर लिहून भागणार नाही. दुकानदाराने मापात, नोकराने कामात, पतीने घरात, विद्यार्थ्याने अभ्यासात ते द्यावयाचे आहे. शेजारी एखादी विधवा एकटी असेल, एखादा आजारी विसरला गेला असेल, तर त्याचा जिना आपणच चढला पाहिजे. उत्सवाचे दिवे विझल्यानंतर आपल्या ग्रामातील एका जरी घराचे दार या कारणाने ठोठावले गेले, तर आपली ज्युबिली प्रभूस मान्य झाली असे आम्ही समजू. धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम यांच्या विनवणीने ती कृपा परमेश्वर आपणां सर्वांस देवो.