सदाशिवरावभाऊ : रिकामी अंबारी आणि ओळखीचा चेहरा

चिमाजी आप्पांचे चिरंजीव सदाशिवरावभाऊ यांचा जन्म १७३० सालचा. मातोश्री रखमाबाई त्यांच्या बालपणीच निवर्तल्या आणि वसईच्या विजयाला दोन वर्षे होण्याच्या आत, १७४० च्या डिसेंबरात, वडिलांचेही छत्र हरपले. आजी राधाबाईंनी त्यांना वाढविले. रामचंद्रबाबा शेणवी यांच्यासारख्या मुरब्बी मुत्सद्द्याच्या हाताखाली ते कारभार शिकले. हिशेबात काटेकोर, स्वभावाने करारी अशी त्यांची ख्याती झाली. १७६० च्या प्रारंभी उदगीर येथे त्यांनी निजामाला नमविले आणि लगोलग अब्दालीविरुद्धच्या मोहिमेचे सेनापतिपद त्यांच्याकडे आले. दिल्ली हाती आली, कुंजपुरा जिंकला गेला. पुढे होते पानिपत.

१४ जानेवारी १७६१ रोजी भर लढाईत विश्वासराव गोळी लागून पडले. तेव्हा भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि शत्रूच्या गर्दीत शिरले, असे सांगतात. दूरवरच्या सैनिकांना दिसली ती केवळ रिकामी अंबारी. डोळ्यांनी पाहिले ते खरे होते. त्यावरून मनाने काढलेला अर्थ मात्र त्या घटकेला चुकीचा होता. सेनापती पडल्याची आवई उठली आणि फौजेचा धीर सुटला.

भाऊ पडले ते त्यानंतर. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडितांच्या फारसी वृत्तांतानुसार, शिर नसलेला एक देह अंगावरील खुणांवरून भाऊंचा म्हणून ओळखला गेला. परंतु हा वृत्तांत लिहिला गेला सुमारे दोन दशकांनी. रणांगणावर हजर असलेल्या तरुण नाना फडणिसांनाही भाऊंचा शेवट पाहता आला नव्हता. दक्षिणेत परतलेल्यांच्या मनात त्यामुळे एक फट राहून गेली आणि त्याच फटीतून तोतया आत आला.

बुंदेलखंडाकडील सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण आपणच भाऊसाहेब असल्याचे सांगू लागला. थोरल्या माधवरावांच्या काळात चौकशी होऊन त्याला कैदेत टाकण्यात आले. पण १७७६ मध्ये रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यानेच त्याला मोकळे करून पुढे केले. तेव्हा नारायणरावांचा खून झालेला, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेलेले आणि गादीवर तान्हे सवाई माधवराव. अशा वेळी भाऊ परत यावेत, असे कित्येकांना मनापासून वाटत होते. कोकणातील किल्ले एकेक करून त्याच्या हाती गेले.

त्याला भाऊ म्हणून ओळखणारे सगळेच लबाड नव्हते. भाऊ उत्तरेकडे निघाले तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते. समोर उभा होता तो पंधरा-सोळा वर्षांनंतरचा चेहरा. बहुतेकांनी भाऊंना पाहिले असेल ते दुरून, स्वारीत किंवा दरबारात. पुसट झालेल्या आठवणीत समोरचे रूप अलगद मिसळते आणि मग तेच मूळचे वाटू लागते. एकाने ओळख पटल्याचे सांगितले की दुसऱ्याची शंका विरते, तिसऱ्याला तर खूणही आठवते.

नाना फडणिसांनी महादजी शिंदे व भिवराव पानसे यांना बंडावर धाडले. पराभूत तोतया समुद्रमार्गे निसटू पाहत असता आंग्र्यांनी त्याला पकडले. पुण्यात रीतसर चौकशी झाली आणि १८ डिसेंबर १७७६ रोजी त्याला देहान्त शासन देण्यात आले. नानांपुढील पेच साधा नव्हता. माणूस खरा असता, तर धन्याच्याच वधाचे पातक माथी आले असते. खोटा असूनही सोडला असता, तर राज्य बुडाले असते. म्हणूनच लोकांना चेहरा कसा वाटतो यावर निवाडा सोपविणे परवडणारे नव्हते. माणूस कोण, कुठला, याचा छडा लावावाच लागला.

भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पानिपताहून जिवंत परतल्या होत्या. पतीचा मृत्यू त्यांनी कधीच मान्य केला नाही. १७८३ मध्ये देह ठेवीपर्यंत त्यांनी सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. भाऊंची उत्तरक्रिया झाली ती त्यांच्या पश्चात.